तिथी सोडू नये, गर्दी जोडू नये

चि. पोरीस,

यंदा तुझ्या नव्या घरात पहिल्यांदाच गणपती बसणार. परवा तू विचारलंस, "आत्या, कोरोनाच्या दिवसांत तुम्ही सण कसे केलेत? पुन्हा तशी साथ आली तर आम्ही काय करायचं?" फोनवर सांगण्याइतकं ते थोडं नाही, म्हणून लिहूनच पाठवते. जावईबापूंनाही वाचायला दे. निम्मी कामं त्यांच्याच वाट्याची आहेत.

25 मार्च 2020 ला गुढीपाडवा होता आणि देशभरच्या टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. कुणाला साखरेची गाठी मिळाली नाही, कुणाला झेंडू. तरी घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. सार्वजनिक गणेशोत्सव 1893 ला सुरू झाला आणि तीन वर्षांत मुंबईत प्लेग आला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले गेल्या. पुढे 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ आली. एवढं सोसूनही सण टिकले, कारण अडचणीत काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे घराघरांतल्या माणसांना कळत होतं.

पूजेत वस्त्र नसलं तर अक्षता वाहतात, दागिना नसला तरी अक्षताच वाहतात. ही सवलत रूढीनेच दिलेली आहे. अडचणीत ती मोकळ्या मनाने घ्यावी आणि अडचण सरली की परत करावी, एवढंच मला सांगायचं आहे. आता एकेक ऐक.

आधी मनाची तयारी

1. सण होणार की नाही, असं घरात विचारूच नकोस. कसा करायचा, एवढंच विचार – पहिल्या प्रश्नावरून वाद होतो, दुसऱ्यावरून कामाची वाटणी होते.

2. तिथी सोडू नये, गर्दी जोडू नये. घरात दोनच माणसं असली तरी त्या दिवशी दाराला तोरण आणि पानात गोड हवंच – एका वर्षी टळलेला सण पुढच्या वर्षी मुद्दाम आठवून करावा लागतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी कुणी आठवतही नाही.

3. कागदावर दोन रकाने आख: 'ह्याच्याशिवाय सण नाही' आणि 'असलं तर छान' – गणपतीचंच घे, मूर्ती, दुर्वा, नैवेद्य आणि आरती एवढंच पहिल्या रकान्यात बसतं, मखर, रोषणाई आणि शंभर पाहुणे दुसऱ्यात जातात.

4. छोटं केलं म्हणजे उणं झालं, असं मानू नकोस. गौरी कुणाकडे मुखवट्यांच्या उभ्या असतात, कुणाकडे तेरड्याच्या, तर कुणाकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या – आणि खड्यांच्या गौरींना आजवर कुणी धाकट्या म्हटलेलं नाही.

5. मूर्ती मिळालीच नाही तर पाटावर तांदूळ घाल आणि त्यावर सुपारी ठेव – लग्नमुंजीपासून वास्तुशांतीपर्यंत प्रत्येक कार्यात आपण सुपारीचाच गणपती पुजतो, मग घरच्या चतुर्थीला तो का चालू नये?

6. जाता आलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. अरणचे सावता माळी आपल्या मळ्यातच राबत राहिले आणि विठ्ठल त्यांच्या भेटीला आला, असं परंपरा सांगते. पंढरपूरची पालखी आजही अरणला येते – घरी थांबणाऱ्या भक्ताचा मानही वारकऱ्यांनीच राखलेला आहे.

7. मोठ्यांना समजवायचं असेल तर वारीचा दाखला दे. 2020 आणि 2021 या दोन्ही आषाढींना ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरी राहिले – वारीसारखी वारी थांबू शकते, तर आपली सत्यनारायणाची पंगतही थांबू शकते.

सण यायच्या आधी

8. सामानाची यादी दोन आठवडे आधी कर आणि बाजाराची फेरी एकदाच, सकाळी उघडता उघडता उरक – आदल्या संध्याकाळी फूलबाजारात खांद्याला खांदा लागतो, आणि साथीला तेवढंच हवं असतं.

9. मूर्ती लवकर सांग आणि पैसे आधीच देऊन टाक. 2020 ला सरकारने घरच्या मूर्तीला 2 फूट आणि सार्वजनिक मूर्तीला 4 फूट उंचीची मर्यादा घातली, आणि पेण-हमरापूरच्या कारखान्यांचं गणित कोलमडलं – मूर्तिकार वर्षभर घडवतो आणि आठवड्याभरात विकतो, त्याला शेवटच्या घटकेला अडवू नये.

10. फुलं-पत्री परसातली, कुंडीतली, नाहीतर शेजारणीच्या कुंपणावरची घे, तिला विचारून. गोव्यात चवथीच्या माटोळीला रानातली, परसातली फळंच बांधतात – जवळपास उगवलेलं देवाला वाहावं, हीच मूळची पद्धत आहे.

11. गावी जायचं असेल तर दहा-बारा दिवस हाताशी धरून नीघ, नाहीतर जाऊच नकोस. 2020 च्या गणपतीत कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांना 10 दिवसांच्या विलगीकरणाची अट होती – उतरल्या उतरल्या म्हाताऱ्या काकूच्या पाया पडायला धावणं ही माया खरी, पण तिला ती महागात पडू शकते.

12. जाणं होत नसेल तर गावच्या घरचा गणपती कोण बसवणार, हे महिनाभर आधी ठरव आणि त्या शेजाऱ्याला पूजेचा खर्च पाठव – 'बघतील कुणीतरी' म्हणून सोडलेलं काम शेवटी कुणीच बघत नाही.

13. घरातल्या मोठ्यांची रक्तदाबाची, साखरेची औषधं महिनाभराची भरून ठेव – सणाच्या सुट्टीत डॉक्टर गावाला गेलेले असतात आणि दुखणं पंचांग बघून येत नाही.

14. लस निघाली असेल तर सणाच्या तारखेवरून मागे मोजून ती घे – शेवटची मात्रा घेतल्यावर अंगात पुरती ताकद यायला साधारण दोन आठवडे लागतात.

15. तापमापी, ऑक्सिमीटर आणि डॉक्टरांचा नंबर अशा जागी ठेव, की अंधारातही हात पोचावा – अडचण रात्री अडीचला येते, आणि तेव्हा नेमकी कपाटाची किल्ली सापडत नाही.

सणाच्या दिवशी घरात

16. आरतीआधी दारं-खिडक्या सताड उघड, पंखा चालू ठेव आणि समयी वाऱ्याच्या आड सरकव. उघडी खिडकी, आरती नेटकी – मोठ्याने म्हणताना तोंडातून बारीक तुषार उडतात आणि कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात.

17. शंख एकानेच फुंकावा, तोही गॅलरीत उभं राहून. दुसऱ्या कुणाच्या ओठाला तो लागू देऊ नकोस. बाकीच्यांनी टाळ्या, टाळ, झांजा वाजवाव्यात – त्यांच्यात उत्साह तेवढाच आणि श्वासाचा संबंध नाही.

18. सॅनिटायझर लावलेल्या हाताने निरांजन पेटवू नकोस, त्याची बाटलीही देवघरापासून लांब ठेव. पूजेआधी साबणाने हात धू, मनातल्या मनात एक श्लोक सावकाश म्हणून होईपर्यंत – सॅनिटायझरमध्ये अर्ध्याहून जास्त अल्कोहोल असतं आणि त्याची ज्योत उजेडात चटकन दिसतही नाही.

19. घराबाहेरचं कुणी आलं तर तोंडावर मास्क हवा, पण ओवाळण्याआधी मास्कच्या नाड्या आणि साडीचा पदर नीट खोच – ज्योतीपुढे वाकताना लोंबणारी प्रत्येक गोष्ट धोक्याची.

20. प्रसाद कोरडा ठेव: खडीसाखर, पंचखाद्य, खोबरं-साखर. कागदाच्या छोट्या पुड्या आधीच बांध आणि परातीत सुट्या सुट्या मांड – एकाच वाटीत दहा हात जात नाहीत आणि येणाराही अवघडत नाही.

21. तीर्थ एकानेच पळीने द्यायचं, पळी हाताला न लावता वरून सोडायचं – दोन थेंब पुरतात, आणि पळी तांब्यात परत जायची असते, हे ध्यानात ठेवायचं.

22. पंगत बसवू नकोस, डबे पोचव. डबा पोचला की पाहुणचार पोचला – जेवताना मास्क उतरतो आणि गप्पा रंगतात, म्हणून लागण पानावर सहज होते.

23. तरी दोनचार माणसं येणारच असतील तर वेळा वाटून दे आणि बैठक अंगणात नाहीतर गच्चीवर घाल. आजी-आजोबांची खुर्ची खिडकीशी, वाऱ्याच्या तोंडाला ठेव – घरातला सर्वांत मोकळा श्वास सर्वांत वयस्कर माणसाच्या वाट्याला यावा.

24. कापूर पेटला, उदबत्ती लागली आणि तुला वास आला नाही, तर आरती संपताच बाजूच्या खोलीत जाऊन बस आणि डॉक्टरांना फोन कर – वास जाणं ही कोरोनाची ठळक खूण होती, आणि कित्येकांना ती देवघरातच कळली.

25. ताप लपवायचा नाही, कितीही मोठा सण असो. सण दरसाल येतो, माणूस एकदाच येतं – 'आज सणाचं कशाला सांगायचं' म्हणून गिळलेली कणकण चौथ्या दिवशी सगळ्या घराला झोपवते.

26. हात-पाय धुऊन घरात येणं, बाहेरचे कपडे वेगळे ठेवणं, हे सगळं निगुतीने कर. पण कामवाल्या ताईला, पेपरवाल्याला, घंटागाडीवरच्या दादाला तुटक वागवू नकोस. सोवळं जंतूंचं असावं, माणसांचं नव्हे – शिवाशिवीचं जुनं पाप साथीच्या निमित्ताने मागच्या दाराने घरात शिरतं, त्याला तिथेच अडव.

27. विसर्जन घरीच, स्वच्छ बादलीत कर. शाडूची छोटी मूर्ती हाताने मोडू नकोस, पाण्यात ठेवून दे आणि आपसूक विरघळू दे. माती कुंड्यांतल्या मातीत थोडी थोडी मिसळ – शाडू चिकट असतो, एकाच कुंडीत सगळा ओतलास तर पाणी निचरणार नाही.

28. फटाक्यांना सुट्टी दे. पोरं रुसतील, रुसू देत; त्यांच्या हाती आकाशकंदिलाचे कागद, काड्या आणि खळ दे – आजारातून उठलेल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही, आणि असं माणूस प्रत्येक इमारतीत एखादं तरी असतं.

29. मंदिरं उघडली म्हणून पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहू नकोस. 2020 मध्ये राज्यातली मंदिरं 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली – आठ महिने थांबलेला देव आणखी आठ दिवस थांबायला नाही म्हणत नाही.

लांबची माणसं जवळ आणताना

30. आरतीची वेळ सगळ्यांना जमेल अशी धर. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे गणपतीच्या दिवसांत लंडनला दुपारचे तीन आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा – बहीण तिकडे आंघोळ करून तयार असते, भाचा कामातून दहा मिनिटं काढू शकतो.

31. व्हिडिओ कॉलवर आरती एकाच घराने म्हणायची, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून आपापल्या घरात म्हणायची. दर दिवशी म्हणणारं घर बदल – आवाज मागेपुढे पोचतो, आणि सगळे एकदम म्हणायला लागले की कुणाचंच कडवं कुणाशी जुळत नाही.

32. फोन हातात धरू नकोस. पितळी डब्यांची चळत कर आणि त्यावर मूर्तीच्या उंचीला टेकव, आणि आदल्या दिवशी एकदा करून बघ. तिकडे आजीला शेजारच्या मुलाकडून बटणं शिकवून ठेव – नाहीतर सगळा वेळ 'दिसतंय का, ऐकू येतंय का' यातच जातो आणि कापूर विझून जातो.

33. गुरुजी फोनवरून प्राणप्रतिष्ठा सांगणार असतील तर फुलं, पंचामृत, जानवं, दुर्वा हे सगळं आधी क्रमाने मांडून ठेव, आणि दक्षिणा पूजेच्या दिवशीच पाठव – पाटावर बसून एकट्याने उठाबशा काढत पूजा होत नाही, आणि गुरुजींचं घरही त्या दक्षिणेवर चालतं.

34. राखी दोन आठवडे आधी पोस्टात टाक, आत हाताने लिहिलेल्या चार ओळी घाल. भाऊबीजेला पडद्यावर ओवाळ, पण ओवाळणी मात्र सोडू नकोस बरं – भावाच्या खिशाला सवलत द्यावी, असं कुठल्याही साथीत लिहिलेलं नाही!

35. फराळ पाठवताना चकली आणि शेव पुरती गार होऊ दे, मगच डब्यात भर. तळाशी आणि वर कागद चुरगळून घाल, डबा कानाशी हलवून बघ आणि खुळखुळला तर आणखी कागद कोंब – कोमट चकली वाफेने मऊ पडते आणि मोकळी हलणारी चकली चुरा होऊन पोचते.

36. लांब पाठवायचं तर शंकरपाळी, चिवडा, चकली, रव्याचा लाडू. ओल्या नारळाचं आणि खव्याचं घरीच खा – टपालाला उशीर झाला तरी शंकरपाळी-चिवड्यासारखे पदार्थ तग धरतात.

37. संक्रांतीचं वाण दारातच दे. हळदीकुंकवाची छोटी पुडी, तिळगुळाची बंद पिशवी आणि वाण म्हणून साबण, तुळशीचं रोप, असं उपयोगी काहीतरी – बाईने बाईच्या दारी जावं आणि दोन शब्द बोलावेत, हा त्या रीतीचा जीव. तो उंबऱ्यावरही सांभाळता येतो.

38. भोंडल्याला पाटावर हत्ती काढ आणि गच्चीवर हातभर अंतराने फेर धर. मंगळागौरीच्या फुगड्यांऐवजी सूप नाचव, लाटणं फिरव – हातात हात न घेता खेळायचे खेळही आपल्याकडे भरपूर आहेत. आणि खिरापत फोनवरून ओळखायला लाव, अर्ध्या बायका चुकतात.

39. वटपौर्णिमेला फांदी तोडून आणू नकोस. पाटावर वड रेखाट आणि त्यालाच सूत गुंडाळ – झाडाला पुढच्या वर्षीही तिथेच उभं राहायचं आहे. दसऱ्याचं सोनंही माणशी एक पान पुरे, मोठ्यांच्या उंबऱ्यावर ठेव आणि लांबूनच वाकून नमस्कार कर.

ज्यांच्या घरी दुःख आहे

40. ज्यांच्या घरचं माणूस गेलं, त्यांच्या घरी त्या वर्षी गोडधोड होत नाही. पहिल्या दिवाळीचा डबा आपण न्यायचा, ही जुनी रीत पाळ. रोषणाईचे फोटो मात्र त्यांना पाठवू नकोस – डबा म्हणतो 'आम्ही आहोत', फोटो म्हणतो 'आमचं छान चाललंय'.

41. साथीत ज्या बायकांचे नवरे गेले, त्यांना हळदीकुंकवाला मानाने बोलव, पहिलं वाण त्यांच्या हातात दे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारनेही गावोगावी तसं आवाहन केलं – परंपरा जपायची म्हणजे तिच्यातलं क्रौर्यही जपायचं, असं नसतं.

42. ज्यांना शेवटचं दर्शनही घेता आलं नाही, त्यांच्यासाठी साथ सरल्यावर एक दिवस ठरवून सगळ्यांना एकत्र बसव. वर्षश्राद्धाचं निमित्त चांगलं – चार माणसांत रडायचं राहून गेलं की दुःख घरातच मुरतं.

43. आजारी घराला 'काही लागलं तर सांगा' म्हणू नकोस. 'संध्याकाळी सातला दाराशी वरण-भात ठेवते' असं सांग – आजारी माणूस मागत नाही, पण आलेलं परत पाठवत नाही.

44. सणाच्या दिवशी पोरांनी विचारलं, "आजोबा का नाहीत?" तर विषय बदलू नकोस. पान वाढताना त्यांच्या आवडीचा पदार्थ कर आणि त्यांची एक गोष्ट सांग – मुलं आठवणीला घाबरत नाहीत, आपल्या गप्प बसण्याला घाबरतात.

सणावर ज्यांची चूल पेटते

45. कामवाल्या ताईला सुट्टी दिलीस तरी दिवाळीची पोस्त आणि महिन्याचा पगार घरपोच दे – आपल्या घरची काळजी आपण तिच्या पगारातून कापून घेऊ नये.

46. सनई-चौघडेवाले, बँजोवाले, मांडववाले, दशावतारी मंडळी, तमाशाचे फड, यांना वर्षभर ओळखत असशील तर साथीतही ओळख ठेव. चैत्र-वैशाखातल्या गावजत्रा बंद झाल्या की तमाशा कलावंतांचा कमाईचा हंगामच बुडतो – मिरवणूक निघाली नाही तरी ठरलेल्या बिदागीतला काही हिस्सा द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी वाजवायला ते राहतील.

47. एक तरी दिवाळी अंक विकत घे, उसना नको. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून ही चाल पडली – लिहिणारे, चित्रकार, छापखाने आणि स्टॉलवाले, सगळ्यांची दिवाळी त्या अंकावर असते. आणि घरी बसायचंच आहे, तर वाचायला काही नको का?

48. वर्गणी देणं थांबवू नकोस, ती कुठे लागते ते मात्र विचार. 2020 ला लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान भरवलं. इचलकरंजीच्या मुस्लिम बांधवांनी रमजानमध्ये पैसे जमवून सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा करून दिला – सणाचा पैसा औषधाला लागला म्हणजे सण बुडत नाही.

49. अंगात ताकद असेल तर सणाआधी रक्तदान कर, जावईबापूंनाही घेऊन जा – साथीत शिबिरं कमी भरतात आणि रक्तपेढ्या रिकाम्या होतात, पण थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त ठरल्या दिवशी लागतंच.

सगळ्यांचे सण, सगळ्यांची शिस्त

50. शेजाऱ्यांच्या सणाचीही आठवण ठेव. 2020 ची ईद लोकांनी घरीच नमाज पढून साजरी केली, ईस्टरची प्रार्थना वसई-गोव्यातल्या कुटुंबांनी पडद्यासमोर बसून केली – तू पाठवलेला शिरखुर्म्याचा सुकामेवा किंवा त्यांच्याकडून आलेल्या नेवऱ्या, एवढ्या देवाणघेवाणीने जिना जिवंत राहतो.

51. 14 एप्रिल 2020 ला बाबासाहेबांची जयंती लोकांनी घरी साजरी केली, आणि त्या वर्षी 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर न जाता घरूनच अभिवादन केलं. अशा दिवशी त्यांचं एखादं पुस्तक काढून घरात मोठ्याने वाच – सलग अठरा तास अभ्यास करून जयंती करायची रीत आहेच, ती घरातच जास्त चांगली पाळता येते.

52. गावाकडे पोळ्याला बैल वेशीवर न नेता गोठ्यातच ओवाळ, पुरणपोळीचा घास मात्र पूर्ण दे – बैलाला मिरवणुकीचं काही नसतं, त्याला घास आणि त्या दिवसाची विश्रांती कळते.

53. मंडळातल्या पोरांना ओरडून थांबवू नकोस, त्यांना पुण्याचं सांग. 2020 ला मानाच्या पाचही गणपतींचं विसर्जन मिरवणुकीविना मांडवापाशीच झालं – ज्यांचा मान पहिला, त्यांनीच संयम पहिला केला, आणि कार्यकर्त्याला पुढारपण करायला हेही एक काम आहे.

साठवून ठेवायचं

54. या शांत दिवसांत आईच्या भाजणीचं, सासूबाईंच्या पुरणाचं माप लिहून घे. 'अंदाजाने' म्हणाल्या तर वाटी हातात देऊन मोजायला लाव. लिहिलेली चकली मोडत नाही – हातचं प्रमाण हाताबरोबर जातं.

55. घरातल्या आरत्यांची चाल, जात्यावरच्या ओव्या, कुळाचाराचा क्रम आणि कुलदैवत कुठलं, हे मोठ्यांच्या आवाजात फोनवर साठव आणि तीन घरांत पाठव – फोन बिघडतो. तीन ठिकाणी असलेलं सहसा हरवत नाही.

56. मुलांना किल्ला करू दे, मातीने अंगण बरबटू दे. शिवाजी महाराज कुठे बसतील, मावळे कुठे, यावर त्यांची भांडणंही होऊ देत – मोठ्यांच्या हातून सुटलेल्या सणाचं टोक बहुधा मुलांनी धरून ठेवलेलं असतं.

57. वहीचं एक पान राखून ठेव आणि त्यावर लिही: यंदा काय टाळलं, कुणाला बोलावलं नाही, कुणाकडे गेलो नाही – सवलत लिहून ठेवली नाही की तिची सवय होते.

58. आणि साथ सरली, सरकारने आणि डॉक्टरांनी मोकळीक दिली, की ते पान उघड आणि एकेक ओळ खोडत जा. ज्यांना डबा पाठवलास त्यांना पानावर बसव, ज्या काकूंना लांबून नमस्कार केलास त्यांच्या पायाला हात लाव, बँजोवाल्यांना बोलव, गावच्या घरी जाऊन दहा दिवस राहा – सोय म्हणून छोटा केलेला सण आळस म्हणून छोटा राहिला, तर तो साथीने नेला असं म्हणता येणार नाही. तो आपणच सोडला असं होईल.

यंदा साथ नाही, तेव्हा मोदकांचं पीठ जास्तच भिजव. मी दुपारच्या गाडीने येते आहे, चार माणसं बरोबर घेऊन!

तुझी,
आत्या